फळ्याची उजवी बाजू

मागच्या सोमवारी सकाळी देवपूजा आटोपली, तुळशीला पाणी घातलं आणि शाळेची वाट सोडून थेट दुर्गाच्या वावरात गेलो. आठवडा झाला होता, ती शाळेत आली नव्हती... आणि का आली नव्हती, ते मला माहीत होतं.

आमची शाळा रिसोड तालुक्यातल्या एका लहानशा गावात आहे. सहावी, सातवी आणि आठवी एकाच खोलीत बसतात, कारण या तिन्ही वर्गांना शिकवणारा मी एकटाच.

दोन वर्षांपूर्वी पोरांनीच यावर एक रीत काढली. सोमवारी फळ्याच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे 'मला येतं', उजवीकडे 'मला शिकायचंय'. ज्याने त्याने आपलं नाव आणि विषय लिहायचा, मग आठवडाभर एकमेकांना शिकवायचं. सहावीतली मुलगी आठवीच्या पोरांना भागाकार शिकवते आणि ती मुकाट्याने शिकतात... मी चटईचटईवर फिरतो, कुणी अडलं की तिथे बसतो.

नाव ज्याचं त्यानेच लिहायचं, हा या रितीचा कणा. तो मी मोडला.

दुर्गा आठवीत आहे. धाकट्या भावाच्या आजारपणात तिची दोन वर्षं घरीच गेली, त्यामुळे वाचताना अडखळते. ती ते लपवायची. मला वाटलं, आपण मदत करावी... आणि एका सोमवारी सगळ्यांदेखत मीच उजवीकडे लिहिलं, 'दुर्गा – मराठी वाचन'. समोर डावीकडे नाव होतं सहावीतल्या श्रावणीचं, म्हणजे तिच्याच चुलत बहिणीचं. दुसऱ्या दिवसापासून दुर्गा आली नाही.

वावरात मायलेकी सांबार तोडत होत्या. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. रिसोडला जाणाऱ्या जीपमध्ये जुड्या टाकायच्या होत्या, म्हणून घाई चालली होती.

"म्या तिले काईच म्हटलं नाई सर," तिची आई म्हणाली. "तीच म्हन्ते, आता वावरच बरं."

मी बांधावर बसलो. "काहून येत नाहीस वं?"

दुर्गाने मान वर केली नाही. "श्रावणीनं त्या दिशी मले शिकवलं अन् संध्याकाळी आंगनात समद्यायले सांगतलं, ताईले जोडाक्षर येत नाई मनून."

"शिकण्यात कायची लाज?"

तेव्हा तिने पाहिलं माझ्याकडे. "मंग तुमचं नाव त्या बाजूले कदी काहून नसते? इंग्रजीचा धडा तर तुमचा फोनच वाचते."

"अवं, सरले असं बोलते का!" आई ओरडली, आणि मग तिलाच हसू फुटलं. मीही हसलो.

पण पोरगी खरं बोलली होती. इतकी वर्षं मी इंग्रजी शिकवतो, पण धडा मोठ्याने वाचत नाही. फोनला स्पीकर जोडतो आणि लावून देतो... पोरांना वाटतं, सर आधुनिक आहेत.

मीही खेड्यातल्याच शाळेत शिकलो. पाचवीत पहिल्यांदा इंग्रजी वाचायला उभा राहिलो, तेव्हा सगळा वर्ग हसला होता, गुरुजीसुद्धा. तेव्हापासून कुणासमोर इंग्रजी मोठ्याने वाचलं नाही.

त्या सोमवारी शाळेत जाऊन मी फक्त दुर्गाचं नाव पुसलं. स्वतःचं लिहायला खडू उचलला... आणि तारीख लिहून ठेवून दिला.

आठवडाभर रोज सकाळी देवासमोर हात जोडताना अडखळत होतो. 'देवा, मला काही कळत नाही, तूच सांभाळ' हे तिथे म्हणायला मला कधी लाज वाटली नाही. हेच पोरांसमोर म्हणायचं, तर जीभ उचलत नव्हती. मग तिथलं म्हणणं तरी खरं होतं का?

आणि दुर्गा काही येत नव्हती. अजून थोडे दिवस गेले असते, तर ती कायमचीच वावरातली झाली असती.

आज सोमवार. पोरांच्या आधी मी फळ्यापाशी गेलो आणि उजवीकडे लिहिलं, 'सर – इंग्रजी मोठ्याने वाचणं'.

मग सातवीतला एक जण म्हणाला, "सर, गंमत करून राह्यले का?" मी म्हटलं, "नाही रे बाबा... खरंच येत नाही." पोरांनी आपसात बराच वेळ खल केला आणि मला वाचनात पटाईत असलेल्या श्रावणीच्या चटईवर बसायला सांगितलं.

लहान गावात अशी बातमी चालत नाही, पळते. मधल्या सुट्टीनंतर दुर्गा दारात उभी होती. हाताला सांबाराचा वास, दप्तर नाही. "पाहाले आली फक्त," म्हणाली. फळा वाचायला तिला वेळ लागला... पण तिने तो पूर्ण वाचला. मग येऊन चटईच्या टोकाला बसली.

श्रावणीने पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "घाबरू नका सर, हळू वाचा."

मी सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीत अडलो, आणि मागून कुणीतरी फिसकन हसलं. पाचवीतलंच ते हसू.

"हासू नका रे," दुर्गा म्हणाली, "सर शिकून राह्यले."

मी परत पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. आज तो धडा मी माझ्या आवाजात शेवटपर्यंत वाचला.