कॅट स्कॅनची रंगीत तालीम

माझ्या बायकोच्या मामाजींनी आयुष्यात एकही गोष्ट पुरती चौकशी केल्याशिवाय केली नाही, आणि चौकशी पुरती झाल्यावर त्यातल्या निम्म्या गोष्टी केल्याच नाहीत. उमरेडच्या विणकराच्या घरातला हा माणूस. घरचे माग थंडावले तेव्हा नागपूरच्या महाल भागातल्या एका कापडाच्या पेढीवर माल पारखायच्या कामाला लागला आणि रोज एस.टी.ने उमरेड-नागपूर, नागपूर-उमरेड करू लागला. बोटं विणकराचीच राहिली. आमच्यासाठी कापड घ्यायचं म्हणून ते बरोबर यायचे तेव्हा मी दुकानाच्या दाराशीच उभा राहायचो, कारण आतलं मला बघवायचं नाही. मामाजी काठ चिमटीत धरत, उजेडाकडे नेत, कडेचा एक धागा ओढत आणि सरळ काडी ओढून तो पेटवत. मग राखेवरून बोट फिरवून दुकानदाराला विचारत, "शुद्ध सूत हाय म्हणता, मंग जळल्यावर याची गोळी काहून होऊन राहिली?" दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. तासाभराने आम्ही रिकाम्या हाताने परत निघायचो आणि दुकानदार निरोप द्यायलासुद्धा उठायचा नाही.

हे फक्त कापडापुरतं असतं तर मी समजू शकलो असतो. पण बसमध्ये चढण्याआधी ते कंडक्टरला स्टेपनीत हवा आहे का ते विचारत. हॉटेलात आलूबोंड्यातला आलू आजचा की कालचा, ते विचारत. आजचा म्हटलं की किती वाजताचा, ते विचारत. मी बायकोला पाहायला गेलो तेव्हा मुलीची परीक्षा राहिली बाजूला, माझीच उलटतपासणी झाली. पगारातून किती कापून राहिले, तुमच्या नंदनवन वस्तीतल्या नळाले पाणी किती वाजता येते, उन्हाळ्यात पोरगी झोपणार कुठं. माझे वडील मला हळूच म्हणाले, "अरे, हे मुलगी देऊन राहिले की तुला विकत घेऊन राहिले?" तक्रार केली की मामाजींचं उत्तर ठरलेलं होतं. "विचाराले पैसे पडतेत काय, जावईबापू?" मनातल्या मनात मी या माणसाला महाकटकटी म्हणायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. माझ्या बायकोचं डोकं दुखायला लागलं. साधं नाही, उजव्या बाजूने ठणका सुरू व्हायचा, उलट्या व्हायच्या आणि डोळ्यांपुढे एकाची दोन माणसं दिसायची. बाम झाला, काढे झाले, चष्मा झाला. शेवटी धंतोलीतल्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "मेंदूत गाठ आहे की नाही, ते आधी पाहायला हवं. कॅट स्कॅन करून घ्या. लांबवू नका." ते मशीन तेव्हा शहरात नवंनवं आलं होतं. त्याचा खर्च म्हणजे माझा अख्खा एका महिन्याचा पगार होता. पैशाची मी कशीतरी सोय केली, पण बायकोच अडून बसली. आजूबाजूच्या बायकांनी तिला यथेच्छ माहिती पुरवली होती. म्हणे केस भादरतात, म्हणे करंट देतात, म्हणे एक बाई आत गेली ती बाहेर आल्यावर नवऱ्याला भाऊ म्हणायला लागली. "मी मरन, पण त्या भोकात डोकं नाही घालणार," असं तिने सांगून टाकलं. मी समजावलं, रागावलो, हात जोडले. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि माझी झोप उडाली. आत काय वाढतंय ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि ते पाहू द्यायला ती तयार नव्हती.

तिची आई लहानपणीच गेलेली. मामाजींनीच तिला वाढवलेलं, म्हणून शेवटी त्यांनाच सांगितलं. मला वाटलं, ते येऊन तिला चार शब्द सुनावतील. ते आले, तिच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "तुले कायचं कायचं भेव वाटून राहिलं, ते सारं सांग वं माय." ती सांगत गेली. मामाजींच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याला टोकाशी सुटे धागे होते. तिच्या एकेका भीतीला ते एकेक गाठ मारत गेले. शेवटी खर्चाबद्दलच्या स्वतःच्या शंकांच्याही दोन-चार मारल्या. एकूण एकोणीस गाठी झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुपट्टा घेऊन ते मला मशीनच्या ठिकाणी घेऊन गेले.

तिथला ऑपरेटर पोरगेला होता, पण देवमाणूस. मामाजींनी पहिली गाठ सोडली. "एवढा भाव काहून?" त्याने सांगितलं, मशीन परदेशी, फिल्म परदेशी, एसी रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो. "अन् या पाटीवर इंजेक्शनचे पैसे अलग काहून? थाळी घेतल्यावर मीठ कोणी अलग विकते काय?" तो म्हणाला, इंजेक्शन सगळ्यांना लागतंच असं नाही, डॉक्टर सांगतील तरच. मामाजींनी मान हलवली आणि पुढची गाठ सोडली. "पोरीचं दुखते उजवीकडं. मंग उजव्याच बाजूचा काढा ना. डावीकडचे पैसे आमी काहून द्यावं?" मी इकडेतिकडे पाहायला लागलो. ऑपरेटर मात्र शांतपणे म्हणाला, "मामाजी, मशीनला अर्धं डोकं समजत नाही." मग त्याने एक जुनी फिल्म काचेवर लावून दाखवली. एकाच डोक्याचे पावाच्या कापांसारखे वीस-बावीस फोटो. मामाजी फिल्मच्या इतके जवळ गेले की नाक टेकलं. बराच वेळ पाहिल्यावर ते म्हणाले, "म्हणजे कापडाचं थान उलगडून बोट-बोट पाहाचं, धागा कुठं तुटला ते. मंग भाव बरोबर हाय." त्यांच्या तोंडून एखाद्या वस्तूचा भाव बरोबर असल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

बाकीच्या गाठी भराभर सुटल्या. केस कापत नाहीत. करंट देत नाहीत. चार तास काही खायचं-प्यायचं नाही. कानातलं, पिना, मंगळसूत्र काढून ठेवायचं. इंजेक्शन दिलंच तर अंगभर ऊन-ऊन वाटतं आणि तोंडात तांब्यासारखी चव येते. पाऊणएक तास अजिबात हलायचं नाही; हललं तर फोटो बिघडतो. मला वाटलं, संपलं. पण मामाजी म्हणाले, "आता मले एकदा निजून पाहू दे." ऑपरेटरने कपाळाला हात लावला. मामाजी बाहेर बाकावर बसून राहिले आणि दुपारी त्याच्या जेवणाच्या सुट्टीत पुन्हा आत गेले. मशीन बंद होतं. त्या भल्या माणसाने त्यांना दोन मिनिटं निजू दिलं आणि तो हात धुवायला गेला. बाहेर एप्रिलचं ऊन, आत एसीचा गारवा, खाली गादीचा फळा; मामाजींना गाढ झोप लागली. तेवढ्यात तिथले मोठे डॉक्टर आले, तर मशीनवर धोतर नेसलेला एक अनोळखी पेशंट निपचित पडलेला, ना कागद ना नाव! त्यांनी नाडी धरली. मामाजींनी डोळे उघडून विचारलं, "एसी किती टनाचा हाय, डॉक्टरसाहेब?" मी त्या डॉक्टरांची किती वेळा माफी मागितली, ते मलाच आठवत नाही.

त्या संध्याकाळपासून आमच्या घरी तालीम सुरू झाली. मामाजींनी कुठून तरी स्कूटरचा जुना टायर आणला, पंख्याच्या हुकाला दोरीने टांगला आणि बायकोला लाकडी खाटेवर निजवून तिचं डोकं बरोबर टायरच्या मधोमध येईल असं बसवलं. मला खिडकीबाहेर अंगणात उभं केलं, कारण खऱ्या खोलीतही नवरा काचेपलीकडेच असणार. जिभेवर ठेवायला तिला तांब्याचा जुना पैसा दिला. मग स्वतः मशीन झाले. "घर्र... घर्र... टक्!" असा आवाज काढत ते खाट इंच-इंच पुढे सरकवत. मध्येच तिच्या नाकावरची माशी हातपंख्याने हाकलत आणि ओरडत, "हालू नको! मी म्हणतपर्यंत पापणीबी हालवाची नाई!" पहिल्या दिवशी ती तिसऱ्याच 'टक्'ला फुटली आणि पोट धरधरून हसली. कित्येक आठवड्यांत ती हसलेली मी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी अंगणात माझ्या शेजारी सारी गल्ली उभी होती. तिसऱ्या दिवशी ती पाऊण तास दगडासारखी पडली आणि उठल्यावर म्हणाली, "चला, कधी जायचं?"

आम्ही गेलो. मामाजींना दाराबाहेर थांबवलं, मी ऑपरेटरजवळ काचेमागे. तिने स्वतःच्या हाताने कानातलं काढलं, फळ्यावर निजली, डोळे मिटले. इंजेक्शनही द्यावं लागलं. मशीन घरघरलं, फळा सरकत राहिला आणि ती एवढीशीही हलली नाही. ऑपरेटर मला म्हणाला, "असा पेशंट मी पाहिला नाही." शेवटी मशीन थांबलं. तो आत जाऊन म्हणाला, "झालं बाई, उठा." ती उठली नाही. तो मोठ्याने म्हणाला. ती पापणीसुद्धा हलवेना. त्याने खांद्याला हात लावला; काही नाही. त्याचा चेहरा उतरला, त्याने इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीकडे पाहिलं आणि तो डॉक्टरांना बोलवायला धावला. मला वाटलं, संपलं सारं, मीच हिला इथे आणून मारलं. धावपळ ऐकून मामाजी चपलांसकट आत घुसले, डॉक्टरांना बाजूला सारून म्हणाले, "उठ वं माय, झालं." तिने डोळे उघडले, उठून बसली आणि म्हणाली, "तुम्हीच त म्हणलं होतं ना मामाजी, मी म्हणतपर्यंत हालवाचं नाई!" डॉक्टर खुर्चीत बसले. मी भिंतीला टेकून हसत होतो की रडत होतो, देवाला माहीत.

तासाभराने डॉक्टरांनी बोलावलं. मी मामाजींना म्हटलं, चला, तुमच्याशिवाय कोण विचारणार? ते म्हणाले, "तुमी जा. मले इथं बसू द्या." मी एकटाच आत गेलो. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली, एकेका चौकटीवरून पेन्सिल फिरवली आणि सांगितलं, गाठ नाही. अर्धशिशीचाच जबर प्रकार आहे, गोळ्यांनी आटोक्यात येईल. मी धावत बाहेर आलो. मामाजी रस्त्याकडे तोंड करून उभे होते. "मामाजी, काही निघालं नाही! डोकं स्वच्छ आहे!" ते वळले नाहीत. काचेवर काय दिसलं, डॉक्टर नेमकं काय म्हणाले, त्यांना खात्री आहे का, काहीसुद्धा विचारलं नाही. दुपट्ट्याने त्यांनी तोंड पुसलं, खूप वेळ पुसलं. मग एवढंच म्हणाले, "पोरगी सकाळपासून उपाशी हाय. तिले काही खाऊ घाला."

गोळ्या लागू पडल्या. बायको आज आजी झाली आहे, डोकं दुखलं तर ते माझ्यामुळेच दुखतं असं म्हणते. मामाजी त्या स्कॅननंतर चारेक वर्षांनी गेले. त्याच्या महिनाभर आधी ते आमच्याकडे येऊन गेले होते. जेवायला बसले, पण अर्धीच भाकर खाल्ली. उठताना भिंतीचा आधार घेतला. ते मी पाहिलं. मी विचारलं, "बरं आहे ना, मामाजी?" ते हसून म्हणाले, "मस्त हाय." उमरेडची शेवटची बस निघायची वेळ झाली होती. मी त्यांची पिशवी उचलली, त्यांना बसमध्ये बसवून दिलं आणि दुसरा प्रश्न विचारला नाही.