काकूंचा न सुधारलेला शेवट

सुमतीकाकू गेल्या तेव्हा त्यांचा एक हात माझ्या हातात होता आणि दुसरा त्यांच्या मुलीच्या, मृणालच्या. ती आदल्याच दिवशी अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाहून, रेडमंडहून आली होती. पुढे इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या शोकसभेत तिने सांगितलं, “आई अगदी शांतपणे, हसत गेली.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खाली बघत बसले... तसं झालं नव्हतं.

मी भुसावळकडची, आठवीत शाळा सुटलेली. अमेरिकेत वेस्ट विंडसरला काकूंकडे स्वयंपाकाला आणि त्यांचं करायला म्हणून राहिले. इंग्रजी धड येत नाही, गाडी येत नाही, दाराची बेल वाजली की आजही उघडायला जाववत नाही. काकू कधी चिडल्या नाहीत. स्वतः आजारी असून डॉक्टरांच्या ऑफिसात फोन कसा करायचा ते त्यांनीच शेजारी बसून शिकवलं. “चुकलीस तर चुकलीस. पेशंट मीच आहे ना!”

काकू कॉलेजात जुनी ग्रीक शिकवायच्या. हजारेक वर्षांपूर्वी कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, एका विद्वानाने ख्रिस्ती संतांची साध्या भाषेतली चरित्रं घेऊन ती दरबारी, भारदस्त ग्रीकमध्ये नव्याने लिहून काढली, हा काकूंचा आयुष्यभराचा विषय. मी भाजी निवडायला बसले की एकाच साधूच्या दोन्ही गोष्टी मराठीत सांगायच्या. जुनीत तो म्हातारा मरताना घाबरतो, शिष्यांवर खेकसतो, पाणी मागतो. नवीत त्याचा चेहरा उजळतो, खोलीभर सुगंध पसरतो.

“कुठली आवडली?”

“नवी. सुगंधाची.”

काकू खो खो हसल्या. “सगळ्यांना तीच आवडली गं! म्हणून जुन्या गोष्टी हाताने उतरवून घेणं लोकांनी सोडलं. कितीतरी हरवल्याच.” मग म्हणाल्या, “घाबरणारा म्हातारा गेला बघ त्यातून... ज्याला मरायची भीती वाटते, त्याने मग कुणाकडे बघायचं?”

काकू स्वतः फार घाबरल्या. “मला नाही जायचं. शोभा, दार लाव, दार लाव,” असं गेल्या त्या दिवशी संध्याकाळभर म्हणत होत्या. माझं मनगट असं धरलं होतं की वळ उठले. मी दार लावलं. दुसरं काय करणार होते?

मंडळाच्या अंकातल्या या पुरवणीसाठी काकूंवर लिही, असं मृणालनेच सांगितलं. लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं.

“शोभाताई, ते दार लाव वगैरे काढ ना, प्लीज. पीसफुल लिही. लोकांना वाटेल, आम्ही आईला नीट सांभाळलं नाही.”

घर विकलं जाईपर्यंत मी इथे आहे ती तिच्याच भरवशावर. कधी निघतेस, असं तिने अजून एकदाही विचारलेलं नाही. अशा माणसाचं मन मोडायचं... तरी तोंडातून निघून गेलं, “मृणाल, ते काढलं तर ती बाई दुसरीच कुणीतरी होते गं. मी तिला ओळखत नाही.”

ती उठून काकूंच्या खोलीत गेली. भाड्याने आणलेला पलंग कंपनीने परत नेलाय, कार्पेटवर त्याच्या पायांचे चार खड्डे तेवढे राहिलेत. त्यांच्या मधोमध ती खाली बसली, तळव्याने एक खड्डा सारखा करत. तो काही भरून येईना. मी दारात उभी.

“मला नर्स समजून शिवी दिली आईने,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत ओळखलं नाही मला... तेही लिही.”