लिंबाखालची ती दुपार
हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही: माझे बाबा नर्सच्या हलगर्जीनं गेले नाहीत. अजूनही कुठं फिनाइलचा वास आला, की यवतमाळच्या दवाखान्यातली साठ सालच्या सुमाराची ती दुपार आठवते. छातीत कळ आली म्हणून बाबांना पांढरकवड्याहून कापसाच्या ट्रकमधून आणलं होतं. नर्सबाईंनी त्यांना निजवलं, घाम पुसला आणि बजावलं, "बापू, अजिबात उठायचं नाही. लघवीलाही भांडंच." बाबा कसंनुसं हसले, "बाईमाणसाच्या हातून? त्यापरीस मेलो बरा." "मला तुमची लेक समजा," म्हणत बाई दुसऱ्या रोग्याकडे वळल्या. बाबा कुजबुजले, "मले बाहेर ने बापा, लाज वाटून राह्यली." मी त्यांना खांद्याचा आधार देऊन मागच्या लिंबापाशी नेलं, आणि ते माझ्या अंगावरच कोसळले. उचलून पलंगावर आणेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "नर्स जवळ होती?" मी म्हणालो, "नव्हती. ते आपलेच उठले." बाईंनी बाबांचे वाकडे राहिलेले पाय तेवढे सरळ केले. पुढं कळलं, त्यांना कामावरून काढलं. आता मी पन्नाशीला आलोय, त्या कुठं आहेत ठाऊक नाही. बाबांना मीच उठवलं, हे बाईंसमोर कबूल करणं माझ्यावर बाकी आहे.