नावाला जाग जरा

माझं नाव मी इथे लिहिणार नाही. ते ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

बाबा बोईसरच्या कारखान्यात होते. पाळीच्या बसमध्ये वाचायला ते वाचनालयातून कादंबऱ्या आणायचे. त्यातल्या एकीतली बाई नवऱ्याची वाट बघत उभं आयुष्य काढते, कुणाला उलटून बोलत नाही आणि तशीच मरते. बाबांना ती एवढी भावली की तिचं नाव त्यांनी माझ्या माथी मारलं. आमच्या मच्छीमारांच्या गावात ते कुणी ऐकलंही नव्हतं. आत्या म्हणाली होती, "कसलं हे नाव? मी नाय सांगनार कानात." बाबांनी तिला दटावून सांगायला लावलं.

नुसतं नाव असतं तरी चाललं असतं. पण बाबा ज्याला त्याला ती गोष्ट ऐकवत. माझ्या लग्नात सासूलाही ऐकवली, तीही डोळ्यांत पाणी आणून. झालं! सासरी, सरावली गावातल्या भाड्याच्या खोलीत मी तोंड उघडलं रे उघडलं की सासू म्हणायची, "नावाला जाग जरा." आमटी खारट झाली म्हणून नवऱ्याने ताट भिरकावलं, तेव्हाही हेच. मला त्या बाईचा राग येतो, तिला लिहिणाऱ्याचा येतो आणि बाबांचाही येतो. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणे. का नाही रागवायचं?

यंदा धाकट्या भावाला मुलगी झाली. तो कोळगावला कचेरीत असतो. म्हणाला, "ताई, बाबांची आठवण म्हणून तुझंच नाव ठेवतोय. आत्या तू, कानात तूच सांगायचं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "एकीची वाट लावलीत, तेवढं पुरे नाय झालं?"

"एवढं सुंदर नाव, तुला किंमतच नाय त्याची," असं म्हणून तो मंडपवाल्याला फोन लावायला गेला.

बारशाच्या सकाळी भावजयीने मला स्वयंपाकघरात ओढलं. "ताई, ते नाव नको वो माझ्या पोरीला. यांना सांगून थकले मी." तिच्या मनात होतं ते नाव तिने सांगितलं. साधंच होतं, गावात चारचौघींचं असतं तसं.

पाळण्याभोवती बायका जमल्या. भावाने केकवर माझं नाव काढून आणलं होतं. मी वाकले, बाळाच्या कानात नाव सांगितलं, कुर्र केलं. बायकांनी रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले. मग मी सरळ उभी राहिले आणि भावजयीने सांगितलेलं नाव सगळ्यांना मोठ्याने सांगितलं.

"बाबांचा अपमान केलास तू!" भाऊ ओरडला.

केला तर केला. आत्याने एकदा कानात सांगितलेलं नाव आमच्याकडे बदलत नाहीत. बायकांनी त्याच नावाने पाळणा म्हणायला सुरुवातही केली होती.

तेव्हापासून भाऊ माझ्याशी बोलत नाही. गेला उडत. पोरगी उद्या कुणालाही तोंड वर करून बोलेल, आणि नावाला जाग म्हणायची तिला कुणाची छाती होणार नाही.