आरशाची लिफ्ट

सात मजली इमारतीच्या लिफ्टमध्ये नवाकोरा आरसा बसला त्याच आठवड्यात ग्रीसमामा तिची तपासणी करायला आला.

मामाची हयात लिफ्टी दुरुस्त करण्यात गेली होती. नखांतलं काळं आता साबणालाही दाद देत नव्हतं. "जेवायला तरी दुसरे हात आणा," असं बायको म्हणायची.

त्या सकाळी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत त्यानं लोखंडी दोरावरून फडकं फिरवलं. फडकं अडकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा अडकलं. तारा तुटल्या होत्या! चारांपैकी तीन दोर झिजलेले, आणि निसटती लिफ्ट धरून ठेवणारा ब्रेक गंजून जाम. त्यानं लिफ्टचं मुख्य बटण बंद केलं आणि ग्रीसचा डबा हातात घेऊनच धडपडत सात जिने उतरला.

खाली सोसायटीच्या सेक्रेटरीबाई लिफ्ट कंपनीच्या साहेबांना आरसा दाखवत होत्या.

"बाई, लिफ्ट चालवू नका! दोर गेलेत!"

"आज? अहो मामा, तासाभरात पाहुणे येतायत माझे!"

"मी तपासलीय लिफ्ट," साहेब म्हणाले.

"वर कधी आला होतात, साहेब?"

"रिपोर्ट आहे ना."

"एकदा चला. फडकं फिरवून दाखवतो."

"त्या खोलीत?" बाई मध्येच म्हणाल्या. "त्यांचा कोट बघा, मामा! आणि तुमचा अवतार बघा. असं भुतासारखं ओरडत आलात तर कोण ऐकणार तुमचं?"

साहेबांनी वॉचमनला वर पाठवलं. बटण चालू झालं, खोलीला कुलूप लागलं, किल्ली कोटाच्या खिशात गेली.

मामा पायरीवर बसला. बाईंचा राग धरावा, तर त्यानं तरी काय दिवे लावले होते? धाकटीसाठी स्थळ बघताना मुलाचे चकचकीत बूट पाहूनच 'हो' म्हणाला होता. आठ महिन्यांत पोर माहेरी परतली. रूप एका नजरेत दिसतं, माणसाची करणी बघायला थांबावं लागतं. आणि थांबायचं कोणी? दोर तर बिचारे भिंतीआड, अंधारात.

"आजी, मी आधी!" पांढऱ्या फ्रॉकमधली बाईंची नात लिफ्टकडे धावली.

मामा उठला. ग्रीसच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातले आणि तिच्या आधी आत शिरला. आरसा, बटणं, दांडी, दरवाजा, जिथं हात पोचेल तिथं काळं फासलं. उरलेला डबा जमिनीवर उपडा केला.

"अगं बाई! वेड लागलं का यांना?" बाईंनी नातीला मागे ओढलं. "हात लावू नकोस! फ्रॉक खराब होईल!"

पाहुणे आले. आत डोकावले, नाकं मुरडली, साड्या सावरत जिना चढले. सातव्या मजल्यापर्यंत मामाला शिव्या ऐकू येत होत्या. एकही माणूस लिफ्टमध्ये चढला नाही.

"उद्यापासून तोंड दाखवू नका," साहेब म्हणाले.

"नाही दाखवत. दोर तेवढे बदला, साहेब."

साहेबांनी ऐकलंच नाही. ते बुटाचं टोक पुसत होते. आणि कोपऱ्यातल्या नळाखाली वॉचमन लिफ्ट धुवायला बादली भरत होता. पाणी अर्ध्यावर आलं होतं. मामा त्या बादलीकडे बघत राहिला, आणि त्याची काळी बोटं रिकाम्या डब्याचा तळ खरवडू लागली.