ज्या गोष्टीत कुणी मरत नाही

कळसाडी सोडली तेव्हा वडील मला नंदुरबार स्टेशनापर्यंत पोचवायला आले होते. शहाद्याहून एसटी, मग रिक्षा, आणि सगळा रस्ता ते गप्प. मिरची बाजाराजवळून जाताना आम्ही दोघंही मनसोक्त शिंकलो, एवढाच काय तो संवाद. गाडी हलताना मात्र ते खिडकीशी आले. "नीट ऱ्हायजो. आपलं नाव खराब व्हवाले नको." मी मान हलवली. नाव खराब होईल असं माझ्यात काय आहे ते मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. मला मुली नाही, मुलगे आवडतात, हे गावात बोलायची सोयच नव्हती.

आता बडोद्याला एका औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. शिफ्ट, कँटीन, गोड डाळ, सगळ्याची सवय झाली. पीजी सुटून फ्लॅट आला आणि फ्लॅटमध्ये हिरेन आला. तो इथलाच, बँकेत नोकरीला. आमचा ठेचा पाहिला की पाण्याची बाटली जवळ ओढतो. घरी मी त्याला 'रूम पार्टनर' म्हणायचो, आणि ते खोटंही नव्हतं.

कंपनीच्या बसमध्ये मी फोनवर प्रेमकथा वाचतो. दोन मुलग्यांच्या, हलक्याफुलक्या. एकाची बेकरी असते, दुसरा शेजारी राहायला येतो. भांडण झालंच तर कुत्र्याला कोणी किती बिस्किटं घातली यावरून. कुणी विष घेत नाही, कुणाला घराबाहेर काढत नाहीत, आणि शेवटी दोघं एकत्र भाजी आणायला जातात. लॅबमधली एक मैत्रीण म्हणते, "किती बाळबोध वाचतोस रे!" असेन बाळबोध. लहानपणी पडद्यावर माझ्यासारखा माणूस दिसायचा तो हसं करून घ्यायला, नाहीतर मरायला. दुःख मला शिकवायची गरज नाही, ते माझ्याकडे घरचं आहे. सुखात माणसं कशी वागतात, हे मात्र मला कुणी दाखवलंच नव्हतं.

माय रोज संध्याकाळी फोन स्पीकरवर टाकून लसूण सोलत बसते. तिला गोष्टींचं भारी वेड, पण टीव्हीवरच्या रडारडीला ती वैतागलेली. म्हणून मी तिला माझ्या गोष्टी सांगू लागलो. बेकरीवाल्याची बेकरीवाली करायची, बाकी सगळं तसंच. ती खूश. मध्येच सुनेचा विषय काढायची, मामांनी पाठवलेला कुणाचा तरी बायोडाटा लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा.

एका संध्याकाळी मला त्या बदलाबदलीचा भयंकर कंटाळा आला. सांगून टाकलं, "माय, या गोष्टीत दोन्ही पोरंच आहेत. त्यांचंच एकमेकांवर प्रेम आहे."

पलीकडे लसूण सोलायचा आवाज थांबला. मला वाटलं, आता फोन कट होणार.

"त्यास्ना घरनास्नी त्यास्ले मारं नही ना?" तिनं विचारलं.

"नाही मारलं."

"मंग सांग पुढे."

मी पुढे सांगितलं. काय सांगितलं ते आठवत नाही, डोळे पुसत होतो. त्यानंतर तिनं काही विचारलं नाही, मीही बोललो नाही. फक्त बायोडाटे यायचे थांबले, आणि "जेवना का?" च्या मागोमाग "हिरेन जेवना का?" सुरू झालं. तिला कळलंय की नाही, याचा मी आणि हिरेन तासन्‌तास कीस पाडायचो. विचारायची हिंमत मात्र दोघांतही नव्हती.

मग श्रावणात कानबाई आली. खानदेशातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. कानबाई ही आमची देवी. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. परगावी असला तरी त्याची मूठ पडते. तो रोट घरच्यांनीच खायचा. आमच्याकडे सासरी गेलेल्या बहिणीलासुद्धा मिळत नाही, मग परक्याची काय कथा.

मायचा फोन आला. मागे जात्यापाशी काकूंची गडबड ऐकू येत होती. माय फोन घेऊन बाजूला गेली असावी, कारण आवाज हळू झाला.

"तुन्हा बापनी मूठ टाकी, तुन्ही टाकी. हिरेनना नावनी बी टाकू का?"

मी म्हटलं, "माय, बाबा काय म्हणतील?"

"त्यास्ले मी सांगसू. तू त्याले लई ये."

माझ्याबरोबरचे गावातच राहिले आणि मी निघून आलो. घर कुठे असं विचारलं की मी इतकी वर्षं कळसाडी म्हणायचो आणि मनात बडोदा यायचं. आता विचाराल तर कळसाडीच सांगेन, आणि मनातही तेच असेल. सध्या माझ्याबरोबर रोट खायला यायचं म्हणून हिरेन तिखट खायचा सराव करतोय. कालच निम्मी मिरची खाऊन रडला आणि त्याच्या गुजरातीत म्हणाला, चालेल, "चालशे."