तो जॉइंट माझा होता

हसनभाई शिकलगार यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती शिव्या खाऊन. मी आण्याच्या पठारावरचा, रेल्वेत गँगमन म्हणून नुकताच लागलेला. दोन रुळांमधल्या फटीवर वाकून, आत काय पेटलंय ते बघत होतो. मागून आवाज आला, "ओ पावणं, तोंड मागं घ्या! भुवया जळाल्या तर बायकू घरात घ्यायची न्हाई." वळून पाहिलं तर काळा चष्मा कपाळावर सरकवलेले, दाढीवर राख बसलेले मिस्त्री उभे. त्यांनी गाव विचारलं. मी आणे म्हटल्यावर ते खो खो हसले. "मी जुन्नरचा. आरं, आपल्या तालुक्यात औषधालासुदिक रूळ न्हाई, आन् आपुन दोघं दुनियेचं रूळ जोडाया आलो!" त्या दिवसापासून ते माझे गुरू झाले.

आज हसनभाई पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. गौरवअंकाच्या मंडळींनी लेख मागितला, तेव्हा एकाने फोनवर हळूच सुचवलं, "सुदामराव, समदं लिवा, पण ते जॉइंटचं परकरण तेवढं गाळा. चाचांना वाईट वाटंल." जुन्नरच्या बाजारात हे बोलणं मीही ऐकलं आहे. चाचा माणूस लई चांगले, पण त्यांनी केलेला रुळाचा एक जॉइंट फेल गेला होता म्हणे! पंचवीस वर्षं ते वाक्य हसनभाईंना चिकटलं आहे. मंडळी, तो जॉइंट त्यांचा नव्हता, माझा होता. एवढं सांगायलाच मी लिहायला बसलो आहे. पण रीतीने सांगतो, नाहीतर हसनभाई म्हणतील की सुदामला अजून कामाचा क्रम येत नाही.

रूळ जोडणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या पुष्कळांना ठाऊक नाही. दोन रुळांमध्ये दोन बोटांएवढी फट ठेवायची. तोंडं एका ओळीत आणून किंचित उचलून धरायची, कारण थंड होताना जोड खाली बसतो. दोन्ही बाजूंनी वाळूचे साचे लावून कडा मातीने लिंपायच्या. मग रूळ तापवायचे, अगदी लालबुंद होईपर्यंत. वरच्या मुशीत लोखंडाचा गंज आणि ॲल्युमिनियम यांचा मसाला पेटवला की डोळे दिपवणारा जाळ उठतो, मळी वर राहते आणि पातळ पोलाद खाली साच्यात उतरतं. ते गरम असतानाच जास्तीचं कापून, घासून सपाट करायचं. हे सगळं गाड्या बंद ठेवलेल्या तेवढ्या वेळात. त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो.

हसनभाईंकडे बारा महिने एक काळी छत्री असे. ऐन उन्हाळ्यात छत्री पाहून नवीन साहेब हसायचे. पण भर उन्हात रुळाचा लाल रंग ओळखू येत नाही. हसनभाई छत्रीची सावली धरून रंग पाहायचे आणि मगच पोलाद "सोडा" म्हणायचे. घड्याळाकडे बघून "झालं असेल" म्हणणाऱ्यांचा त्यांना भारी राग. निवृत्तीनंतर पुतण्याच्या वर्कशॉपमध्ये बसू लागले, तरी तोच खाक्या. पारगावच्या कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रेलरचे तुटके हूक तिथे येतात. एक ट्रॅक्टरवाला घाई करू लागला, "चाचा, वरच्यावर टाका मारा, लाईन लागलीया." हसनभाई म्हणाले, "भाऊ, वरच्यावर पायजे आसंल तर चिकटपट्टी लाव, फुकटात व्हईल." तो मुकाट्याने दोन तास बसला, आणि आता दरवर्षी तिथेच येतो.

माणूस म्हणून ते कसे आहेत हे माझ्या आईला विचारायला हवं होतं. मंचरला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मला सुट्टी मिळाली नाही. हसनभाई सुट्टीवर जुन्नरला आले होते. ते रोज एसटीने जाऊन तिच्या डोळ्यात औषध घालत. आईला ते दवाखान्यातलेच नोकर वाटले. औषधाला उशीर झाला म्हणून एकदा तिने त्यांना चांगलं फैलावर घेतलं, आणि त्यांनी निमूटपणे ऐकून घेतलं. खरं कळल्यावर ती इतकी ओशाळली की पुढची कितीतरी वर्षं त्यांच्यासाठी हुलगे बाजूला काढून ठेवायची.

आता त्या जॉइंटबद्दल. मी तेव्हा हसनभाईंच्या हाताखाली शिकत होतो. शिकाऊ माणसाला स्वतःचा नंबर नसतो. त्याने केलेल्या जोडावर मिस्त्रींचा नंबर पडतो. थंडीची सकाळ होती. वेळ वाचवायला म्हणून मी साचे खोक्यातून आधीच काढले आणि बांधाच्या गवतावर ओळीने मांडले. गवत दवाने भिजलेलं. तासाभराने बघतो तर साच्यांची बुडं ओलसर. मी ते गमछ्याने पुसले, घटकाभर उन्हाला धरले. दुसरे साचे आणायचे तर ब्लॉक हातचा गेला असता. हसनभाई दुसऱ्या जोडावर होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "सुदाम, साचं कोरडं हाईत ना?"

मी म्हणालो, "हाईत."

जोड वरून देखणा झाला. पंधरा दिवसांनी तपासणीवाले मशीन घेऊन आले, आणि त्यांना आत पोकळी सापडली. पंधरा दिवस त्यावरून भरलेल्या गाड्या धावल्या होत्या! जोड कापून काढला, तोडून पाहिला, तर आत अनरशासारखी जाळी. हसनभाईंनी भोकांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. ती भोकं साच्यातल्या पाण्याच्या वाफेची आहेत हे त्यांना कळलं होतं. साहेबांनी विचारलं, तेव्हा मी मान खाली घातली. हसनभाई म्हणाले, "साहेब, साचं हात लावून बघायचं काम माझं व्हतं. मी बघितलं न्हाई. नंबर माझा हाय."

त्यांचं जोडकामाचं प्रमाणपत्र काढून घेतलं. वर्षाच्या गौरवासाठी गेलेलं त्यांचं नाव खोडलं गेलं. पन्नाशीच्या हसनभाईंना, त्यांनीच घडवलेल्या पोरांशेजारी बाकावर बसून पुन्हा शिकावं लागलं. मी रडत म्हणालो, "मी जाऊन खरं सांगतो." ते म्हणाले, "सांगशील आन् घरी बसशील. दोन पोरं हाईत तुला. येक ध्यानात ठिव, ओला साचा माफ हाय, 'हाईत' म्हणालास ते माफ न्हाई." पुढे मला माझा नंबर मिळाला. निवृत्त होईपर्यंत प्रत्येक साच्याला मी आधी हात लावला, पण तोंड मात्र उघडलं नाही. आता माझी नोकरी संपली आहे, म्हणून हे धैर्य आलं आहे. त्याला मोठेपणा समजू नये.

लेख छापायच्या आधी जुन्नरला जाऊन मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतले. मला वाटलं, आता फाडून टाकतील. मग म्हणाले, "छाप. पण साचं गवतावर मांडलं व्हतं हे नीट लिव. शिकणारी पोरं वाचत्याल."

म्हणून तेही नीट लिहिलं आहे.

हसनभाई, माझी चूक तुम्ही पंचवीस वर्षं तुमच्या नावावर वागवली. आजपासून ती माझ्या नावावर. आता पुढची पंचवीस वर्षं तुम्ही ठणठणीत राहा, बाजारात ताठ मानेने फिरा, आणि लोक मला नावं ठेवताना आपल्या कानांनी ऐका.